बाबांचा अबोला आणि जीपचं इंजिन

बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांची आठवण निघाली की मला आमच्या अंगणातली ती लाल, बुटकी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार आठवते. तिच्यात मी जीपचं इंजिन बसवत होतो, तेव्हा बाबा तीन वर्षांपासून माझ्याशी बोलत नव्हते.

बाबा शंकरपटातले धुरकरी. बैलजोडीच्या शर्यतीत त्यांची गाडी सुटली की लोक हातातला चहा विसरायचे. पट बंद पडले तरी त्यांनी आपली जोडी लेकरांसारखी जपली. मग त्यांचा खुबा मोडला आणि दोन महिने ते नांदेडला दवाखान्यात पडून राहिले. मी दिवसभर औंढ्याला गॅरेजात, माय त्यांच्याजवळ, बैलांकडे बघायला घरी कोणीच नाही. मी बाबांना न विचारता जोडी विकून टाकली. ते घरी आले, रिकामा गोठा बघितला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. मीही त्यांचाच मुलगा, राग नाकावर. आपण होऊन बोलायला गेलो नाही.

एका घरात अबोला चालवायला तिसरं माणूस लागतं. ते काम मायकडे आलं. मी समोर ताटावर बसलेलो असायचो आणि बाबा तिला सांगायचे, त्याला म्हणावं भाकर घे. मी म्हणायचो, त्यांना सांग, पोट भरलं. माय वैतागायची, तुमच्या दोघांत माझी जीभ झिजून राहिली म्हणायची, तरी निरोप पोचवायची. तीन वर्षं तिने ते केलं. आज विचार केला की लाज वाटते.

ती गाडी मला नांदेडच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. इंजिन जाम, सीटवर उंदरांचा संसार, पण सांगाडा ठणठणीत. ती मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी होती आणि तिला बघितल्याबरोबर माझं डोकं फिरलं. अपघातात चेपलेल्या एका जीपचं इंजिन मी आधीच घेऊन ठेवलं होतं, तिच्या मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. ते हिच्यात बसवायचंच, असं मी ठरवलं. गावाने मला वेड्यात काढलं. गावाचं चुकलं नव्हतं.

त्याच सुमारास बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी माय पुसेगावला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो, आणि निरोप्या नाही. पहिल्या दिवशी बाबांनी चहा केला, पेला ओट्यावर ठेवला आणि अंगणात बांधलेल्या आमच्या शेळीकडे बघत म्हणाले, चहा झाला म्हणावं. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. पुढे सगळा कारभार शेळीमार्फतच चालला.

काम लिंबाखाली चालायचं. फांदीला चेनपुली बांधून जुनं इंजिन काढलं, नवं उतरवलं. ते उंच पडलं म्हणून बॉनेट कापलं आणि वर पत्र्याचा उंचवटा जोडला, कपाळाला टेंगूळ यावं तसा. इंजिन टेकवायचे पाय नव्याने वेल्डिंग केले. गिअरबॉक्स जीपचाच घेतला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट हिंगोलीला लेथवर कापून आणला. मागच्या चाकांचा आस, म्हणजे एक्सल, मात्र गाडीचा होता तोच राहू दिला. बाबा रोज सकाळी काठी टेकत यायचे, गाडीला एक चक्कर मारायचे, मागे थांबायचे आणि काठीने त्या एक्सलवर दोनदा टकटक करून निघून जायचे. त्यांना काहीतरी म्हणायचं आहे हे मला कळत होतं. पण विचारलं असतं तर मी हरलो असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

गाडी सुरू झाली त्या सकाळी बाबा आपण होऊन शेजारच्या सीटवर येऊन बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. रस्त्यावर न्यायला कागद झाले नव्हते, म्हणून मी सिद्धेश्वरच्या कालव्याच्या कडेने कच्च्या वाटेवर गाडी घातली. इंजिनाचा आवाज असा, की माझ्या छातीत काही मावेना. बाबांनी दाराची कड धरली होती आणि तोंड वाऱ्याकडे केलं होतं. पुलाच्या सिमेंटच्या चढावर मी सगळी ताकद एकदम सोडली. मागे खाडकन वाजलं. इंजिन बोंबलत राहिलं आणि गाडी मागे घसरायला लागली. मी हँडब्रेक ओढला. एक्सल तुटला होता.

बाबा उतरले आणि काठी टेकत शेतातून चालू लागले. मला वाटलं, घरी निघाले. अर्ध्या तासाने ते शेजाऱ्याची बैलजोडी घेऊन आले. जोखडाला दोर, दोराचं टोक माझ्या स्पोर्ट्स कारला. मी आत बसून स्टिअरिंग धरलं. बाबांनी कासरा हातात घेतला, बैलांना हाक दिली. बैलांनी जोर लावला, पण गाडी हलेना. बाबांनी मागे वळून बघितलं. शेळी तिथे नव्हती.

"लेका, हँडब्रेक सोड."

मी सोडला. डोळे भरून आले होते, म्हणून बराच वेळ मला समोरचं नीट दिसलं नाही.

बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा मी म्हणालो, बैल विकले ते चुकलं. बाबांनी एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"इकले त्याचं काही न्हाई. मी पडलेला, तू एकटा, करणार काय? पर दावं काढून घ्यायचं असतं. जनावर द्यावं, दावं देऊ नये, दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाते. तू दाव्यासकट दिले. अन् ते तुला मी कधी शिकवलंच न्हवतं, म्हणून बोलायला तोंड न्हवतं मला."

मग त्यांनी काठीने मागचं चाक दाखवलं. "हे बी दिसत होतं मला. जोर वाढवला, मागचं जुनंच ठुलं. तुझी माय घरी न्हवती, कोणाजवळ सांगावं?"

माय पंधरा दिवसांनी आली. आम्ही दोघं गाडीखाली अर्धे शिरून भांडत होतो. जीपचाच एक्सल कापून बसवावा असं माझं म्हणणं, आणि बाबा म्हणत होते की तो कापला तर चाकं आत जातील, तुझं डोकं ठिकाणावर न्हाई. दोघांचाही आवाज चढला होता. बाहेर आलो तर माय ओट्यावर बसलेली. पिशवी मांडीवर, तोंडाला पदर, आणि रडत होती.

बाबा घाबरले. पोरगी बरी आहे ना, काहून रडून राहिली, असं त्यांनी विचारलं.

"समदे बरे हायत," माय म्हणाली. "तुमी भांडा. मी आयकून राहिले."