चादरीखालचा तास

नववीच्या पोरांना बीजगणित झेपेना, आणि रीमा टीचर दर शनिवारी त्यांना युद्धाचे नियम शिकवायच्या. जखमी शत्रूलाही पाणी द्यायचं, शरण आलेल्याला मारायचं नाही, दवाखान्यावर बॉम्ब टाकायचा नाही. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे. मी गणिताची बाई. असले नियम पाळणारं युद्ध मला कुठे दिसत नव्हतं.

मग प्लासिडचं जहाज फुटलं. प्लासिड टीचरांचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर खलाशी. परक्या दोन देशांच्या भांडणातलं क्षेपणास्त्र जहाजाला लागलं. बाकीचे सापडले, हा नाही. काही आठवड्यांनी टीचर वर्गावर आल्या त्या थेट मेलेल्यांच्या नियमांवरच आल्या.

एकाने बाकावर झोपायचं, वर पांढरी चादर. बाकीच्यांनी तो कोण ते शोधायचं. अंगावरच्या खुणा बघायच्या, वस्तू जपून ठेवायच्या, आणि खात्री झाल्याशिवाय कुठलंही नाव लावायचं नाही. एका शनिवारी अश्लेषा झोपली. तास संपून मी गणिताला आले तरी उठेना. चादर काढली तर डोळे सताड उघडे.

"टीचर, खाली गार पाणी आहे," ती म्हणाली. "कोणीतरी हाका मारतंय. पण माझं नाव नाही घेत."

मुली रडायला लागल्या. मी टीचरांवर उखडले, हा खेळ बंद करा म्हणाले. त्या चादरीची घडी घालू लागल्या. दुसरं टोक मी धरलं. ते ओलं होतं. 

ऑक्टोबरअखेर आमच्या पाचूबंदरच्या एका बोटीच्या जाळ्यात मयत आलं. निरोप टीचरांना आला, तशी मीही त्यांच्याबरोबर धावले. धक्क्यावरचा मासळीचा लिलाव थांबला होता. मयताच्या अंगात खलाशांचा नारिंगी बॉयलरसूट, चेहरा माशांनी ठेवला नव्हता. तसाच सूट प्लासिडच्या फोटोत सगळ्यांनी पाहिलेला. बघता बघता सगळं बंदर प्लासिड, प्लासिड म्हणू लागलं, आणि तेही मायेपोटी. दोन नोव्हेंबर, ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस, तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी इथे जो तो आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. टीचरांना आणि त्यांचे यजमान फर्डिनंड यांना लावायला जागाच नव्हती.

हवालदाराने विचारलं, "ओळख पटते का?"

टीचर गुडघ्यांवर बसल्या. वर्गात शिकवायच्या तशाच एकेक खूण बघत गेल्या. प्लासिडचा पुढचा दात लहानपणीच तुटला होता. याचे दात धड होते. शेजारी वाकलेल्या फर्डिनंडांनीही ते पाहिलं. तरी त्यांनी बायकोचा हात धरला.

"आपलाच म्हन, रीमा. कोन इचारनार हाय? त्याला पन माती मिलंल, आपल्याला पन जागा."

खरं सांगते, माझ्याही ओठांवर आलं होतं, म्हणा हो, टीचर. कुणाचं काय बिघडणार होतं?

शाळेत कधी न काढलेली घरची बोली टीचरांच्या तोंडून निघाली. "आपला प्लासिड पन कुठं तरी किनाऱ्याला लागला असंल. तिथली एखादी आई त्याला तिचा पोर म्हनून पुरत असंल, तर?"

 फर्डिनंड बायकोचा हात सोडून हवालदाराकडे गेले आणि म्हणाले, "आमचा न्हाय."