काटा बंद न करता

हसू नका म्हणून शपथच घालणार होतो, पण तुमी ऐकणार थोडी! म्हणून सरळ सांगून टाकतो, माही कशी फजिती झाली ते.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटरचं काम पाहतो. कापसाच्या गाड्या काट्यावर येतात, वजन होते, पावती निघते. हे सारं तीन सर्व्हर मिळून करतात. जो मोकळा असंन, तो पुढच्या गाडीची पावती काढते. तर यायच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली, अन् ती कशी टाकायची यावरून कासमचाचाशी माही जुंपली.

कासमचाचा म्हणजे काट्यावरचे जुने कारकून. त्यायचं म्हणणं साधं होतं. जेवणाच्या टायमाले दोन तास काटा बंद ठेव, तिन्ही सर्व्हर एकदम कर अन् मोकळा हो. मी हसलो. म्हटलं, चाचा, तो जमाना गेला. आता एकेक सर्व्हर बाजूले घ्यायचा, नवा करायचा, परत लावायचा. तोवर बाकीचे दोघं काम ओढतात. काटा एक मिनिट बंद पडत नाही.

आता हे शेठपाशी बोलायची काय गरज होती मले? पण वणीले शेठची नवीन जिनिंग सुरू होऊन राह्यलती, अन् तिथल्या कॉम्प्युटरचा सारा कारभार मले पाहिजे होता. शेठ म्हणाले, "बंद नाही पडला तर वणी तुही. पडला तर वणीचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसलो. बाहेर गाड्यायची ही रांग! पहिल्या सर्व्हरले पाऊण तास लागला. दुसरा पाच मिनिटात. तिसरा तर दोनच मिनिटात झाला! म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हात बसला तुहा. बाहेर कोणाले पत्ताबी लागला नाही. शेठनं साऱ्यायसमोर माह्या गळ्यात हार घातला. चाचानंबी टाळ्या वाजवल्या, जरा हळूच.

जेवून आलो तर काट्यावर कालवा. नव्या आवृत्तीत पावती मराठीत निघते, जुनीत इंग्रजीत. अन् इथं एका गाडीले मराठी भेटून राह्यली, मागच्या दोघायले इंग्रजी. एका काकानं मलेच धरलं.

"त्याले मराठी अन् मले इंग्रजी काहून? माह्या कापसात काय खोट आहे?"

गप बसलो असतो तर वाचलो असतो. पण गळ्यात हार होता ना! मी ठोकून देल्लं, नवीन सॉफ्टवेअर हुशार आहे, कापूस पाहून ठरवते.

झालं! इंग्रजीवाल्यायले वाटलं, आपला माल हलका ठरवला. मराठीवाल्यायले वाटलं, इंग्रजी पावतीचा माल परदेशात जाणार अन् आपल्याले डावललं. दोन्ही पार्ट्या भडकल्या. गाड्या आडव्या लागल्या अन् काटा बंद. एक मिनिट कायचं घेऊन बसले, चांगला तासभर!

पळत कॉम्प्युटरपाशी गेलो अन् पाह्यलं तवा कळलं. दर सर्व्हरचा पत्ता वेगळा असते. मी शहाणा मात्र तिन्ही वेळा तिघायच्या सामायिक पत्त्यावरून आत शिरलो, अन् त्यानं मले तिन्ही वेळा एकाच सर्व्हरपाशी नेऊन बसवलं. म्हणजे एकाच गड्याले तीनदा आंघोळ घातली, बाकीचे दोघं तसेच पारोसे. दोन मिनिटात होणार नाही तर काय!

मागं शेठ उभे. "मंग सकाळभर तू केलं काय?"

खरं सांगावंच लागलं. तीनातला एकच झाला म्हटलं शेठ, बाकीच्या दोघायले माहा हातच नाही लागला.

दारात कासमचाचा उभे होते. शांतपणे म्हणाले, "मंग वणी मले द्या, शेठ. ते दोन मी केले म्हणा. मीबी त्यायले हात नाही लावला."