फुग्यांच्या यॉटवर अण्णा

बेंगळुरूला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या अण्णाला कुणीतरी वेळेवर सांगायला हवी होती.

माझ्या या थोरल्या भावानं कोरमंगलात, एका पीजी हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर, यॉट भाड्यानं देणारी कंपनी काढली. ऑफिस इथं, दोन यॉट गोव्यात, आणि गिऱ्हाईकं म्हणजे शनिवार-रविवारी इथून तिथं धावणारी आयटीतली पोरं. या गावात कित्येक पिढ्या काढलेल्या आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध टँकरवाल्याशी भांडण्यापुरता. पण अण्णानं धंदा नीट चालवला. आणि यंदा ऐन पावसाळ्यात, यॉट बंद असताना, कुणाचंही बुकिंग न बुडवता तो गेला.

त्याच्या खुर्चीवर मी बसलो, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो; माणसांनी गप्प बसावं यासाठी मला पगार मिळायचा. यॉटच्या धंद्यात उलटं. दिवसभर फोन करून विचारायचं: डिझेल भरलं का, खलाशी आले का, लाइफ जॅकेटं आहेत का, केक चढवला का. हे मी इतक्या हळू विचारायचो, की गोव्याहून कॅप्टन मिनेझिस म्हणायचे, "सर, नेटवर्क खराब आहे." (नेटवर्क उत्तम होतं.)

घरी वहिनी बोलेनाशी झाली होती. एके काळी ती स्वयंपाकघरातून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायची, आणि जिंकायची. आता काही विचारलं की नुसतं "सरी" म्हणायची, म्हणजे कानडीत 'बरं'. अण्णाची एकच इच्छा होती, अस्थी आपल्याच यॉटवरून समुद्रात सोडाव्यात. गच्चीवरच्या कोनाड्यात तांब्याचा कलश ठेवलेला. मी विषय काढला की वहिनी म्हणे, "स्वल्प थांबूया, पाऊस आहे." पाऊस संपला, तरी थोडं थांबूयाच. मग एका सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "या रविवारी जाऊया." तिचं मन पुन्हा माघारी फिरायच्या आत तो रविवार मला साधायचा होता.

कंपनीत प्रत्येक फेरी कॉम्प्युटरवर चढवावी लागते. मी तारीख भरली, वेळ भरली. पुढे त्यानं विचारलं, कार्यक्रम कसला? वाढदिवस, लग्नाची मागणी, ऑफिसची पार्टी, किंवा इतर. मी बराच वेळ बघत बसलो. अण्णाला 'इतर'मध्ये घालायला हात धजेना. शेवटी काहीच न भरता कॉम्प्युटर बंद केला आणि कॅप्टनना फोनवर सांगितलं, रविवारी संध्याकाळी घरचा छोटा कार्यक्रम आहे, फुलं लागतील.

दुसऱ्या दिवशी, बुकिंग बघणाऱ्या काव्याला ती संध्याकाळ मोकळी दिसली. तिनं ती रोहित नावाच्या एका पुणेकर मुलाला देऊन टाकली. त्याला सूर्यास्ताच्या वेळी मैत्रिणीला मागणी घालायची होती. दुसरी यॉट रंगकामाला काढलेली. कॅप्टनकडे दोन निरोप पोचले, वेळ तीच, फुलं दोन्हीकडे. कार्यक्रम एकच आहे असं त्यांनी धरलं. (तर्क म्हणून पाहिलं तर निर्दोष!)

रविवारी आम्ही गोव्यात जेटीवर पोचलो तर यॉटला लाल फुगे, गुलाबांचा बदाम आणि 'हो म्हण ना' अशी पाटी. मी तोंड उघडेपर्यंत एका खलाशानं वहिनीच्या हातातला कलश अदबीनं घेतला, केकशेजारी ठेवला आणि वर झेंडूची माळ घातली. तेवढ्यात रोहित आला, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सईचा हात धरून. त्यानं मला विचारलं, तुम्ही डेकोरेशनवाले का? मी हो म्हणालो. नाही म्हणायला दुसरं वाक्य लागलं असतं.

खरा प्रकार कळल्यावर तो बिचारा पांढरा पडला. मी वहिनीला म्हटलं, आपण उद्या सकाळी येऊ.

"नाही, भावोजी," ती म्हणाली. "आज परत फिरले तर पुन्हा माझ्यानं निघवणार नाही."

"रोहित," पट्टीआडून सईनं विचारलं, "कोण गेलंय?"

मग सगळेच एका यॉटवर चढलो. ठरलं असं, की आधी मागणी, मग विसर्जन. शुभ कार्य आधी, एवढंच शास्त्र मला सुचलं. समुद्रात आल्यावर पट्टी सुटली, रोहित गुडघ्यावर बसला, अंगठी पुढे केली. सईनं त्याच्याकडे पाहिलं, मग कलशाकडे, आणि हुंदके देऊन रडायला लागली. अण्णाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. रोहित तसाच बसून. मी क्षितिजाकडे असा बघत राहिलो, जणू तेही आमच्याच कंपनीचं होतं. सूर्य उतरत चालला.

"अगं, हो की नाही ते बोल," वहिनीचा तो जुना, भाजीवाल्याला नमवणारा आवाज आला. "मावळायच्या आत यांना सोडायचंय मला."

"काकू, मला भीती वाटतेय."

"मला तर यांनी पहिली यॉट घेतली तेव्हापासून वाटत होती. माणूस बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग झालं."

सई हो म्हणाली. कॅप्टननी शिरस्त्याप्रमाणे भोंगा वाजवला, खलाशानं पाकळ्यांची नळी फोडली, आणि त्या पाकळ्या अंगावर पडत असतानाच वहिनीनं अण्णाला पाण्यात सोडलं. आधी तिला हसू आलं. मग ती रडली, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि सई तिला धरून बसली. रोहितनं मला केक दिला. मी तो रडत रडत खाल्ला. चांगला होता.

सोमवारी वहिनी ऑफिसात आली आणि अण्णाच्या खुर्चीवर बसली. तिनं कॅप्टनना केलेला फोन खालच्या पीजीतही ऐकू गेला. मग तिनं एकेकाला बोलावून त्याचं काम समजून घेतलं. काव्या राहिली, कॅप्टन राहिले, खलाशी तर सगळेच राहिले. कामावरून एकालाच काढलं. "भावोजी," ती प्रेमानं म्हणाली, "तुम्ही घरी जाऊन पुस्तकं वाचा." आणि मला निरोप द्यायला सगळा स्टाफ इतक्या आनंदानं जिन्यापर्यंत आला, की मी किती लोकप्रिय होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.