दीड सेंटिमीटरची रेवा

आमची नऊ वर्षांची रेवा या वर्षी दीड सेंटिमीटरने कमी झाली.

दर महिन्याच्या एक तारखेला तिला बेडरूमच्या भिंतीला टेकवून उभं करायचं, डोक्याशी पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, हा आमच्या घरचा नेम. (मी इंजिनिअर आहे. मोजता येईल ते सगळं मोजतो.) जानेवारीपर्यंत रेघा शहाण्यासारख्या वर चढल्या. फेब्रुवारीची जरा खाली आली. मार्चची आणखी खाली!

"ताठ उभी राहा!" मी ओरडलो.

"ताठच उभी आहे, बाबा!"

पुण्याहून आमच्याकडे परदेशी आलेल्या माझ्या आईने निदान केलं, "पोरीला धड खायला घालत नाही तुम्ही!" माझ्या बायकोने, मुग्धाने, लिटिल इंडियातल्या देशी दुकानातून डिंक आणला. लाडू वळले गेले. मी रेवाला रोज समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट पार्कात बारला लटकवू लागलो. तरी एप्रिलची रेघ त्याहून खाली! रेवाने माझं बोट धरून हळूच, इथल्या तोडक्या इंग्रजीत विचारलं, "बाबा, आय श्रिंकिंग, इज इट? मग एक दिवस मी संपणार?"

तिच्या पोटातला खड्डा भरावा म्हणून मी तिला आणखी एक लाडू दिला. खरा खड्डा दुसरीकडेच होता.

दुसऱ्या दिवशी रेवाच्या हातून लाडू निसटला, घरंगळत त्याच भिंतीपाशी गेला आणि तिच्याखाली अडकला. वाकून बघतो तर ही फट! आमचा फ्लॅट तळमजल्यावर, खाली समुद्रात भराव घालून केलेली जमीन. भिंत जागेवर होती, फरशी खचत होती. आणि मी पोरीवर ओरडत होतो! फार लाज वाटली. रेवाला परोपरीने समजावलं, पण माझ्या मोजमापावरचा तिचा विश्वास उडाला होता.

त्यात फेब्रुवारीअखेर मी घराची विमा कंपनी बदललेली. (नवी कंपनी राइस कुकर फुकट देत होती!)

जुनी म्हणाली, "तुम्ही आता आमचे ग्राहक नाही."

नवी म्हणाली, "खचणं आम्ही यायच्या आधीचं आहे."

शेवटी दोघींचे सर्व्हेअर एकाच सकाळी घरी आले. "खचायला कधी लागलं? पुरावा?"

रेवाने दोघांना भिंतीपाशी नेलं. "अंकल, सी."

दोघं गुडघे टेकून रेघा वाचू लागले. सुरुवात जुनीच्या काळात, पुढचं खचणं नवीच्या. फोटो झाले, फोन झाले आणि ठरलं: दुरुस्तीची जबाबदारी अर्धी-अर्धी.

रेवा हललीच नाही. "सो आय नॉट शॉर्टर?"

वयस्कर सर्व्हेअरने टेप काढला, फरशीपासून डोक्यापर्यंत मोजलं आणि तिच्या शाळेच्या कार्डावरची जानेवारीतली उंची पाहिली. मग इथल्या ढंगात म्हणाला, "टॉलर ऑलरेडी, लाह!"

रेवा माझ्या गळ्यातच पडली. "सॉरी गं पिल्लू," मी म्हणालो.

"आता बाबाला मोजा!" तिने फर्मान काढलं. मी ऐटीत उभा राहिलो. पाच फूट सात इंच.

"लग्नाच्या बायोडेटात पाच फूट नऊ होतं!" मुग्धाने टेप स्वतः वाचला. "हे खचणं लग्नाआधीचं दिसतंय. माझी जबाबदारी नाही!"

सर्व्हेअरना लाडू देता देता आई पुटपुटली, "त्यातला एक इंच मी वाढवला होता."

म्हणजे इथेही अर्धी-अर्धी. उरलेला इंच माझा. मुग्धाला पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा तो माझ्या बुटाच्या टाचेत होता!