रऊफभाईंच्या अम्माची कॅसेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, बाजारातून बोरं आणली तरी पेपरात लिहिता. खरंय तिचं. धारूरचा घाट चढलो, लिहिलं. नवा हेडफोन घेतला, लिहिलं. लग्नातल्या डीजेनं छाती धडधडली, त्यावर तर तीन लेख पाडले. पण एक गोष्ट सहा वर्षं तशीच राहिली — कुठं लिहिली नाही, कुणाला बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, असं काय मोठं? खून नाही केला, कुणाचा बांध नाही कोरला. मीही स्वतःला असंच समजावून बघितलं. नाही समजत.

आधी रऊफभाई कोण ते सांगतो. पाटोद्यात स्टँडच्या मागं त्यांचं दुकान आहे. टेप, रेडिओ, मिक्सर, लाउडस्पीकर, काय वाट्टेल ते दुरुस्त करतात. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. शाळा सुटली की मी तिथं पडीक असायचो. गाणं ऐकावं कसं, हे मला त्या दुकानात कळलं. आता मोठ्या ऐटीत संगीतावर लिहितो, त्याची मुळाक्षरं तिथली. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन बारीक चिपा असतात, त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही — आणि मोडलेल्या भोकावर सेलोटेप चिकटवली की परत होतं — हेही त्यांनीच शिकवलं मला.

त्यांची अम्मा लग्नात मेहंदीची गाणी म्हणायची, दखनीत. नवऱ्याच्या मामाला, फुफ्फूला म्हणजे आत्याला असे टोमणे मारायची की मांडवातले लोक हसून लोळायचे. तिनं जन्मात फोटो काढू दिला नाही. पण एकदा भाचीच्या लग्नाला सगळे जीपमधून धारूरला गेले, तेव्हा रऊफभाईंनी मांडीवर टेप घेऊन जाता-येता तिला गायला लावलं. नव्वद मिनिटांची कॅसेट. अम्मा गेल्यावर तेवढीच उरली. चिपा मोडून, रुमालात गुंडाळून, दुकानातल्या फळीवर.

ती मीच मागून घेतली. म्हणालो, बीडला माझ्याकडं लॅपटॉप आहे, त्यात घेतो, मग तुमच्या मोबाईलमध्ये टाकून देतो, नाती ऐकतील. रऊफभाईंनी रुमालासकट दोन्ही हातांनी दिली. एवढंच म्हणाले, जपून बे.

पंधरा दिवसांनी मी ती कोरी परत केली.

म्हणालो — रऊफभाई, यात काहीच नाही हो. नुसती खरखर. बुरशी लागली असंल. त्यांनी मशीनला लावली. एक बाजू पूर्ण ऐकली, मग दुसरी. चिपांची भोकं अंगठ्यानं चाचपली, मोकळीच होती. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यांची नजर फळीकडं गेली. फळीखाली दुरुस्तीला आलेले दोन मोठे लाउडस्पीकर होते, आणि स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ कॅसेट राहिली की पुसते, हे त्या धंद्यातलं पोर पण सांगंल.

"मीच घालवली की रे," ते म्हणाले. "मॅग्नेटजवळ ठिवलती. एवढी अक्कल न्हाई मला. चाळीस वर्सं हेच काम करतो अन् अम्माचा आवाज मीच पुसला."

त्या घडीला मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड माझंच होतं ना? मी काय म्हणालो? म्हणालो, जाऊ द्या, होतं असं.

आणि मग तर कमालच केली. त्यावर लेख लिहिला. यंत्रावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाची स्मृती कशी काळ खाऊन टाकतो, तंत्रज्ञान देतं त्याहून जास्त कसं हिरावून नेतं — हे असलं. लोकांना लई आवडला. मुंबईपुण्याहून फोन आले, एका बाईंनी रडले म्हणून कळवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचं वर्णन करून टाळ्या घेणारा चोरच. रऊफभाईंनी तो लेख लॅमिनेट करून दुकानात लावला. येणाऱ्याला दाखवतात, आपल्या पोरानं लिवलंय.

मागच्या महिन्यात पाटोद्याला गेलो होतो. दुकानात लाउडस्पीकर एकही नाही. त्यांनी ते काम बंद केलंय, कधीचंच. एक म्हातारा वडलांच्या भजनाची कॅसेट घेऊन आला होता, त्याला ते समजावत होते — बाबा, मॅग्नेटपासून लांब ठिवा, मी माझ्या अम्माचा आवाज असाच घालवलाय. प्रत्येकाला सांगतात. माझ्यादेखत सांगितलं, आणि लेखाकडं बोट केलं. मी चहा पीत होतो. चहा संपवला.

तर, काय झालं होतं?

त्या दिवसांत जुन्या आवाजाची मोठी टूम होती. बोलणं रेकॉर्ड करून मोबाईलवर लोकांना ऐकवायचं, पण आवाज टेपसारखा खरखरीत हवा. मलाही हौस. 'हरवलेले आवाज' असं काहीतरी बोलून टाकायचं होतं, आणि म्हटलं, नकली खरखर कशाला, खऱ्या टेपवरच बोलू. घरात टेप होता, कोरी कॅसेट नव्हती. बीडच्या बाजारात मिळाली असती का? बहुतेक असती. स्कूटरवर टांग टाकायचा कंटाळा केला. रऊफभाईंच्या कॅसेटची एक बाजू कोरी आहे असं मी धरून चाललो — कशावरून? कशावरूनच नाही. अम्मा एवढं काय गायली असंल, असं वाटलं. भोकांवर सेलोटेप लावली, लाल बटण दाबलं आणि भर दुपारी खुर्चीत बसून बोलत सुटलो. जमेना. पुन्हा मागं घेऊन बोललो. मग कोरी कुठली धरली होती हेही विसरून बाजू पलटून बोललो. माझा मलाच आवाज इतका आवडत होता की मध्ये थांबून ऐकावं, खाली काय आहे बघावं, हे सुचलं नाही. अम्माच्या गाण्यांवर बसून मी हरवलेल्या आवाजांचं दुःख करत होतो.

हे निष्काळजीपण झालं. याची लाज वाटते, पण नुसतं एवढंच असतं तर कधीतरी मी सांगितलं असतं. गेलो असतो, पाय धरले असते, रऊफभाईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या.

सगळं पुसलं नव्हतं.

बोलून झाल्यावर मी कॅसेट ऐकायला लावली; माझं बोलणं संपलं, टेप तशीच चालू राहिली, आणि तिच्यातून जीपचा घरघराट आला. घाट उतरताना होतो तसा. बांगड्या वाजल्या. अम्मा गात होती — खणखणीत, जराशी दमलेली. व्याह्याच्या टोपीवर काहीतरी होतं, सगळे हसत होते. गाणं संपलं आणि अगदी जवळून, टेप मांडीवर असणाऱ्याचा, पोरसवदा आवाज आला.

"अम्मा, और एक."

ती म्हणाली, गला बैठ गया रे. तरी गायली. त्यानंतर टेप संपेपर्यंत आठ-नऊ मिनिटं. मी पूर्ण ऐकलं. दोनदा ऐकलं.

ते तसं परत दिलं असतं, तर अलीकडं माझी बडबड होती आणि पलीकडं अम्मा. मॅग्नेट माणसासारखं बोलत नाही. नुसती माझी बडबड पुसली असती, तरी कोऱ्या टेपमधून अम्मा मध्येच एकदम सुरू झाली असती, आणि बुरशी काय, मॅग्नेट काय, इतकं मापून पुसत नाही. सेलोटेपची युक्ती मला कुणी शिकवली, हे रऊफभाईंना आठवायला किती वेळ लागला असता?

मी कॅसेट पहिल्यापासून लावली. खोलीतला आवाज आत जाऊ नये म्हणून माइकच्या भोकात रिकामी पिन खोचली. लाल बटण दाबलं. पलटून पुन्हा दाबलं. नव्वद मिनिटं मी समोर बसून होतो. जीप कुठं सुरू होते ते मला ठाऊक होतं. ती जागा आली, गेली. थांबवायचं बटण दाबायला नुसता हात उचलला असता तरी पुरलं असतं — तो मी मुद्दाम मांडीखाली दाबून धरला होता.