पिशवीवरचं ‘मटण’

डोंगरावर मुक्कामाला जाताना पाठीवर कमीत कमी ओझं हवं, या विषयावर मी आमच्या घरात कुणी विचारलं नाही तरी कीर्तन करतो. त्यामुळे सासरे एकदा सहज म्हणाले, "आमास्नीबी न्या की पावणं, तुमच्या त्या तंबूत," आणि मी आठवडाभर गच्चीवर दुकान मांडलं. कांदे उभे चिरून, टोमॅटोच्या चकत्या करून जुन्या साडीवर वाळवल्या. तांदूळ नि मूगडाळ भाजून घेतली. सासरे माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा वाससुद्धा चालत नाही. म्हणून सोयाबीनच्या वड्या घेतल्या. तिघांच्या खिचडीचं सामान एका हातात मावलं. ते मी शेजाऱ्यांनाही उचलून बघायला लावलं.

तिघं म्हणजे मी, सासरे आणि माझा मेव्हणा. निघताना सासऱ्यांना बजावलं, "मामा, खायचं काही घेऊ नका, उगाच वजन." त्यांनी नुसती मान हलवली.

गगनबावड्याच्या बाजूला एका पठारावर ऊन असतानाच तंबू लावला. उकळत्या पाण्यात सगळं टाकलं, वरून मसाला ओतला. रिकामी पिशवी मेव्हण्यानं उचलली.

"दाजी, ह्यावर मटण लिवलंय."

जाड पेनानं, बायकोच्या अक्षरात. मसाल्याच्या डब्याचं वजन नको म्हणून तिनं भरून ठेवलेली ही पिशवी मी न वाचता तशीच उचलली होती.

"अरे, मटणाला घालायचा मसाला तो. मिरची, धणे, खोबरं. त्यात मटण कुठनं येतंय?"

सासऱ्यांनी पातेल्यात डोकावलं. वड्या फुगून टम्म झाल्या होत्या, मसाल्यानं लालभडक. "आणि ह्ये?"

"सोयाबीन, मामा. शपथ."

बायकोला फोन लावायला गेलो, तर रेंज नाही. सासऱ्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमी खरंबी सांगत असशीला. पर त्या दिवशीबी तुमचं तोंड असंच हुतं."

त्या दिवशी म्हणजे गेल्या वर्षी, शिरोळला त्यांच्या शेतात. सगळे जेवत होतो. वांग्याचा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला, आणि मी अगदी साळसूद तोंडानं म्हणालो, "मामा, सुकट झ्याक लागतंय न्हवं?" ते ताटावरून उठले. विहिरीवर जाऊन त्यांनी घशात बोटं घातली. चेष्टा केली, हे मी हसू आवरल्यावर सांगितलं, आणि ते आवरायला मला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्यावर उपास केला. हा किस्सा मी पुढं कितीतरी बैठकांत रंगवला. उपासाचा भाग तेवढा गाळून.

सासऱ्यांनी आपल्या पिशवीतून एक फडकं काढलं, गाठ सोडली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणजे त्यांनी घरनंच सोय करून आणली होती. माझ्या पिशवीवर काय लिहिलंय हे कुणाला ठाऊक असायच्या आधीच.

मेव्हण्यानं एकदा पातेल्याकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं, आणि दशमी घेतली.

तिघांची खिचडी मी एकटा खात बसलो. झाली होती चांगली, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात सासरे म्हणाले, "कोरडं खाऊ नगासा," आणि त्यांनी चिमूटभर चटणी माझ्या ताटलीत सोडली.

वरूनच. ताटलीला हात लागू न देता.