दाजींच्या नावानं येणारे फोन

पहिला फोन आला तेव्हा दाजींना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. माझी धाकटी बहीण बारामतीत राहते. दाजी तिथल्याच एका कारखान्यात होते. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला तेव्हा त्यांनी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं. हयातीत त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. चुकला तो ते गेल्यानंतरचा.

"त्यांना फोन द्या," पलीकडचा माणूस म्हणाला.

"ते वारले," बहीण म्हणाली.

"हप्त्याची तारीख आली की बारामतीत लय माणसं मरतात, मॅडम."

हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं, तेही भाचीनं सांगायला लावलं म्हणून. भाची आठवीत. तिनं शेजारी बसून सगळं ऐकलं होतं.

बहीण इद्दतीत होती. आमच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. त्यामुळं दिवसभर ती, चार भिंती आणि दाजींचा तो मोबाइल. तो बंद करायचीही सोय नव्हती. दाजींच्या फंडाचं काम चालू होतं, बँक, गॅस, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे.

तिनं मृत्यूचा दाखला पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून वेगळा आवाज. तिनं पुन्हा दाखला पाठवला. मग तिसरा आवाज आला, तो म्हणाला, असले दाखले कुणीपण छापतंय. सकाळी चहा व्हायच्या आत फोन सुरू व्हायचे ते दिवेलागणीनंतरही चालायचे.

मग त्यांनी दाजींच्या ओळखीच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. नंबर कुठून मिळवले देव जाणे. कारखान्यातल्या सुपरवायझरला, शेजारच्या तात्यांना, भाचीच्या वर्गशिक्षिकेला. 'तुमच्या ओळखीचा माणूस पैसे बुडवून लपलाय, त्याच्या बायकोला समजवा.' शाळेत बाईंनी भाचीला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही अडचण आहे का गं. त्या दिवशी पोरगी घरी येऊन न जेवताच झोपली.

मी इंदापुरात गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. हे कळलं तेव्हा हातातली कात्री बाजूला टाकली आणि बहिणीला म्हणालो, "नंबर दे. बघतोच त्यांच्याकडं."

"शिव्या देऊ नको, भाई," ती म्हणाली. "त्यांना त्येच पायजे हाय. आपण एकदा बोललो की त्येच रेकॉर्ड दावतील."

ती बरोबर होती, पण मला गप्प बसवेना. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचे नियम वाचायला लागलो. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो. धमकी द्यायची नसते. नातेवाईक, शेजारी यांना त्रास द्यायचा नसतो. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं करायची, तिथं महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. भाचीनं फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं. मी सगळे नंबर, दाखला आणि रेकॉर्डिंग जोडून कंपनीला मेल केला. पोच आली, 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढीच. फोन तसेच चालू राहिले.

एका दुपारी बहिणीचा फोन आला. ती काहीच बोलली नाही. लांबून एका बाप्याचा आवाज येत होता. दाजींचं नाव घेऊन तो ओरडत होता. मला कळलं, फोन चालू ठेवून तिनं तो दाराजवळ ठेवलाय.

मी एका जीपची सीट उघडून बसलो होतो. ती तशीच टाकली, कानात इअरफोन घातला आणि मोटारसायकल काढली.

उसाचा हंगाम होता. निमगाव केतकीच्या पुढं एकामागं एक जोडट्रॉलीचे ट्रॅक्टर, ओव्हरटेक करायला जागा नाही. कानात दार वाजत होतं. "आत लपवलाय ना? बोलवा भायेर. न्हायतर हितंच बसतो, गल्लीला कळू द्या." दुसरा कुणीतरी हसला. बहिणीचा आवाज आला नाही. भाचीचा आला, एकदाच, "अम्मी." एका ट्रॉलीच्या बाजूनं मी गाडी कच्च्यात घातली, मागचं चाक घसरलं, कसाबसा सावरलो.

मग तात्यांचा आवाज. तात्या उसाचे शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर.

"कुणाला हुडकताय?"

त्या दोघांनी दाजींचं नाव सांगितलं.

"त्यो कबरस्तानात हाय. म्या सोता खांदा दिलाय. चला, जागा दावतो."

"तुमी मधी पडू नका, आबा."

"मधी न्हाय पडत. मोरं हुतो. चला."

पुढं रेंज गेली. भवानीनगर येईपर्यंत कानात नुसती शांतता. तेवढ्या वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगवत नाही.

पोचलो तेव्हा ते दोघं निघून गेले होते. तात्या पायरीवर बसून होते. गल्लीतल्या चार-पाच बायका दारात उभ्या. बहीण आत बुरखा घालून तयार बसली होती.

"पोलिसात जायचंय," ती म्हणाली.

"तू इद्दतीत हायस. मी जातो."

"गरज पडली तर बाहेर पडता येतं. मौलानांना कवाच विचारून ठेवलंय मी."

ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं, हे देण्याघेण्याचं प्रकरण आहे, कोर्टात जा. बहिणीनं वाद घातला नाही. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. दारावरच्या थापा, ते हसणं, भाचीची हाक. साहेबांनी पूर्ण ऐकलं. मग वसुलीवाल्यांच्या एका नंबरवर स्वतः फोन लावला, नाव विचारलं, एजन्सी विचारली. पलीकडचा आवाज एकदम 'सर, सर' करायला लागला. बहीण खाली बघत होती.

तक्रार लिहून घेतली. ती प्रत मी कंपनीला पुन्हा मेल केली, या वेळी लोकपालाचा उल्लेख करून. दोन दिवसांत कंपनीतल्या एका बाईचा फोन आला. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला.

"पाचदा पाठवलाय," मी म्हणालो.

"कुणाला?"

वसुलीवाल्यांनी तो पुढं पाठवलाच नव्हता, आणि माझा पहिला मेल कंपनीत कुणी उघडून बघितला नव्हता. बाईंनी दिलगिरी व्यक्त केली, एजन्सीकडून प्रकरण काढून घेतलं आणि यापुढचं सगळं लेखी करू असं कळवलं. कर्जाला विमा होता हेही तेव्हाच कळलं. त्याचे कागद चार-सहा महिने फिरले, पण खातं मिटलं.

फोन थांबले. मला वाटलं, झालं एकदाचं. बहिणीला तसं वाटत नव्हतं. ज्यांना ज्यांना फोन गेले होते त्या सगळ्यांना कंपनीनं खरं काय ते कळवावं, असं तिचं म्हणणं. कंपनीच्या बाई म्हणाल्या, तशी तरतूद नाही.

तेव्हा एका रविवारी मी समोर असताना तिनंच एकेकाला फोन लावला. सुपरवायझर, दाजींचे मित्र, लांबचे चुलते. सगळ्यांना तेच, सावकाश: "तुमाला फोन आला हुता, त्ये खोटं हुतं. ह्यांनी कुणाचं बुडवलं न्हाय." कुणी गडबडून गेलं, कुणी म्हणालं, आम्ही कुठं विश्वास ठेवला. शेवटी तिनं वर्गशिक्षिकेला फोन लावला. बाई म्हणाल्या, उद्या मी तिला वर्गात माझ्या शेजारी बसवते.

"शेजारी नको," बहीण म्हणाली. "तिच्या जागेवरच बसू द्या."